दहा उसांची मोळी

आमच्या हायस्कुलातल्या सहा जणांना साखर कारखान्यात शिकायला पाठवायचं ठरलं, तेव्हा गावात पहिला प्रश्न निघाला तो असा : "मंग शाळेत काय शिकवत न्हाईत का काय?" आमचे विज्ञानाचे सर बिचारे घरोघर जाऊन समजावत होते. कारखाना, शाळा आणि तालुक्याचं कॉलेज अशा तिघांनी मिळून ही योजना काढली होती. अकरावीतल्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, सहा मुलांनी दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दर शनिवार-रविवार कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम शिकायचं. काम नीट झालं की केमिस्ट साहेब सहीशिक्क्याचं पत्र देणार. ते पत्र ज्याच्या हातात, त्याला कॉलेजात विज्ञानाची जागा नक्की, शिवाय दर हंगामात प्रयोगशाळेत काम. सत्तर साल नुकतंच उलटलेलं होतं, कोपरगावच्या बाजूला जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि उसावर शिकून कॉलेजात जाता येतं ही कल्पना कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती.

सहा जणांत आम्ही मुली दोघी. मी आणि माझी मैत्रीण. ती जातेय म्हणून मी जातेय असं मी घरी सांगितलं होतं, आणि मी जातेय म्हणून ती जातेय असं तिनं. दोन्हीकडचे आईबाप एकमेकांच्या भरवशावर गप्प बसले.

माझे वडील, आमचे तात्या, मात्र असे सहज गप्प बसणारे नव्हते. मॅट्रिक झाली की पुरे, हे त्यांचं ठरलेलं होतं. मी तीन दिवस धुसफुसत राहिले, भांडी आदळली, एकदा भाकरी मुद्दाम करपवली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "ते पत्र आन. आनलंस तर कॉलेज. न्हाई आनलंस तर म्होरचं मी बघतो." हे 'म्होरचं' म्हणजे राहात्याकडचं एक स्थळ होतं. त्याला मी न बघताच नापसंत केलेलं होतं. म्हणून सांगते, त्या पत्रासाठी माझा जीव किती टांगणीला लागला होता ते इतर पाच जणांना कधी कळलंच नसतं.

आम्हाला वाटलं होतं की गेल्यागेल्या पांढरे कोट मिळतील आणि काचेच्या नळ्यांतून निळा-हिरवा धूर निघेल. कसलं काय! केमिस्ट साहेबांनी आम्हाला सहा कोयते दिले. साहेब पुण्याचे. कपड्यांची इस्त्री कडक, बोलणं त्याहून कडक, आणि मळीचा वास सहन होत नाही म्हणून नाकाशी कायम रुमाल. रुमालाआडूनच त्यांनी आम्हाला काम सांगितलं.

काम सोपं होतं. उसाची तोड आधी कुणाच्या रानात धाडायची आणि मागून कुणाच्या, हे ऊस किती पिकलाय त्यावर ठरायचं. ते कळायला प्रत्येक रानातून दहा ऊस नमुन्याला आणायचे, त्यांचा रस काढायचा आणि त्यात एक काचेची नळी सोडायची. रस जितका गोड तितकी नळी वर तरंगते, आणि नळीवरचा आकडा वाचायचा. वीस-एकवीस म्हणजे ऊस तयार. सोळा-सतरा म्हणजे अजून थांबा. "नमुना डोळे झाकून घ्यायचा," साहेब म्हणाले. "बांधावरचा एक, मधला एक, पाटाकडचा एक. हाताला येईल तो. चांगला दिसतो म्हणून घ्यायचा नाही, वाईट दिसतो म्हणून सोडायचा नाही. दहाची मोळी बांधा, चिठ्ठी लावा, इथं आणा. समजलं?" आम्ही सहाही जणांनी माना डोलवल्या. उसाच्या रानात जन्म गेला आमचा, न समजायला काय झालं?

आमच्याबरोबर कारखान्याचा चिटबॉय असायचा. बॉय कसला, दोन लेकरांचा बाप होता. तोडीच्या चिठ्ठ्या वाटतो म्हणून चिटबॉय. तो सायकलवर पुढं आणि आम्ही मागून पायी. पहिलंच रान होतं ते आमच्या शिवारातल्या एका मावशींचं. नवऱ्यामागं सगळी शेती त्यांनी एकटीनं ओढलेली, आवाज असा की पाटाच्या पल्याडचा गडी दचकावा. आम्ही सांगितल्याबरहुकूम डोळे झाकून दहा ऊस काढले. त्यातला एक बारीक होता, एक वाकडा, आणि एक तर उंदरानं कुरतडलेला, त्याची कोर माझ्या तळहाताला लागून रक्त आलं. मोळी बांधली, चिठ्ठी लावली आणि ती बाभळीला टेकवली.

मावशी मोळीकडं बघतच राहिल्या. "ह्ये न्हेनार तुमी? कारखान्यात? माझ्या रानातनं?"

"व्हय मावशी. नमुना हाय तो."

"बरं," त्या म्हणाल्या. "चला, च्या घ्या. आन् ऊस खाल्ल्याबिगर कुनी जायचं न्हाई."

आता हे परक्याला सांगून पटायचं नाही. आमच्याकडं रानात आलेल्या माणसाला ऊस खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. रानात बसून कितीही खा, कुणी चकार शब्द काढणार नाही. आणि पाहुण्याला द्यायचा तो रानातला सगळ्यात चांगला, जाडजूड, लांब पेरांचा. फुटका-वाकडा ऊस पाहुण्यापुढं ठेवणं म्हणजे घराची अब्रू गेली. आम्ही चहा प्यालो, ऊस खाल्ला, हनुवट्या चिकट करून घेतल्या आणि मोळी डोक्यावर घेऊन निघालो. कारखान्यात रस काढला. आकडा आला एकवीस.

पुढचे तीन आठवडे असंच. दर रानात चहा, दर रानात ऊस, आणि आकडा वीसच्या खाली काही येईना. साहेब खूष. एकदा तर रुमाल बाजूला करून म्हणाले, "तुमच्या गावची जमीन फारच सरस दिसते." आम्ही काय, फुगलोच. मी घरी येऊन तात्यांना सांगितलं, तर ते नुसतं "हं" म्हणाले आणि बैलाला उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकायला निघून गेले. मला राग आला. कौतुक म्हणून करायचंच नाही, असा पणच केलेला होता त्या माणसानं.

पाचव्या शनिवारी आम्ही प्रयोगशाळेत शिरलो, तर साहेब टेबलाशी उभे. आमच्या आकड्यांवर विसंबून त्या रानांची तोड आधी लावली होती. ऊस कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या पट्ट्यावर पडला, रस निघाला, आणि गोडी भरली कशीबशी अठरा. "कागदावर एकवीस आणि गव्हाणीत अठरा!" साहेबांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला चांगले ऊस निवडायला? काय मिळालं त्या बदल्यात? खुलासा आल्याशिवाय एकालाही पत्र मिळणार नाही. जा!"

आमची तर पाचावर धारण बसली. मैत्रीण रडायला लागली, मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मला रडू नाही आलं, मला भयंकर राग आला. आम्ही निवडला नव्हता ऊस! देवाशपथ नव्हता. डोळ्यांपुढं राहात्याचं स्थळ नाचायला लागलं. बाहेर आल्यावर मी तळहात बघितला. उंदराच्या उसानं कापल्याची खूण अजून होती. आणि तेव्हा ध्यानात आलं की त्या दिवशी चरकात दहा ऊस मीच घातले होते, आणि त्यात कुरतडलेला एकही नव्हता. मी ते तेव्हा बघितलंही होतं, पण एकवीस आकड्याच्या आनंदात विचार म्हणून केला नव्हता. इतका स्वतःचा राग मला कधी आला नसेल.

रविवारी सकाळी मी थेट मावशींच्या रानात. "मावशी, खरं सांगा. आमची मोळी तुमी बदलली का?"

त्यांना वाईट वाटायचं सोडा, त्या उलट तापल्या. "मंग? न बदलून कसं चालंल? उंदरानं खाल्ल्याला ऊस माझ्या नावाची चिठ्ठी लावून कारखान्यात न्हेनार, चार साह्यब लोक बघनार, काय म्हनतील? ह्या बाईच्या घरात पाहुन्याला द्यायला नीट ऊस न्हाई? तुमी च्या पेत हुता तवा सुनंला धाडलं. चिठ्ठी जशीच्या तशी बांधली बरं का. त्यात लबाडी न्हाई केली."

"आन् बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांनी पन. सगळ्या गावाला इज्जत हाय, मला एकलीलाच हाय का?"

मी कपाळाला हात लावला. चिटबॉयला विचारलं, तर तो म्हणतो, "मला वाटलं तुमाला म्हाईत हाय!" म्हणजे सगळ्या शिवाराला माहीत, आणि माहीत नाही ते आम्हा सहा शहाण्यांना आणि एका पुण्याच्या साहेबांना. गंमत म्हणजे तोड लवकर मिळावी म्हणून कुणीच हे केलं नव्हतं. तोड कशावरून ठरते ते मावशींना ठाऊकही नव्हतं. कारखाना पाहुणा म्हणून आला, त्याला चांगला ऊस दिला, एवढंच.

विज्ञानाच्या सरांना बरोबर घेऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी रुमालाआडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोळी बदलली आणि तुम्हाला कळलं नाही? शेतकऱ्यांची मुलं ना तुम्ही?"

झोंबलं ते मला. आपण कुणाशी बोलतोय हे विसरून मी म्हणाले, "साहेब, तुम्ही या. तुम्हालाही कळायचं नाही." सरांनी मागून माझी वेणी ओढली असावी, कारण मान मागं गेली. पण शब्द गेला होता. साहेब म्हणाले, "येतो."

कारखान्याची जीप मावशींच्या बांधावर थांबली तेव्हा अर्धं गाव जमलेलं. साहेब स्वतः उसात शिरले, पाचटानं शर्टावर ओरखडे पाडून घेतले, दहा ऊस स्वतः तोडले आणि प्रत्येकाच्या बुडाला निळ्या पेन्सिलीनं खूण केली. मोळी बांधून आपल्या डोळ्यांसमोर ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाले, "आता?"

आता काय, मावशी आल्या ना! घोंगडी अंथरली, तांब्या दिला, समोर मांडी घातली. साहेबांना दातांनी ऊस सोलता येईना, तर स्वतः कोयत्यानं गंडेऱ्या करून ताटलीत दिल्या. "साह्यब, पुन्याला मिळतोय का असला?" साहेब आधी संकोचले, मग एक खाल्ली, मग दुसरी. रुमाल मांडीवर गेला. मावशी त्यांना विचारत होत्या, लेकरं किती, पुण्यात पाणी कसं, बायको कुठली. साहेब त्यांच्याकडं वळून सांगत होते आणि पाठ मोळीकडं. आणि त्या पाठीमागून मावशींची सून एक मोळी काखेत घेऊन आली, ठेवली, दुसरी उचलली आणि निघून गेली. मी बघितलं. मैत्रिणीनंही बघितलं. आम्ही दोघींनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं आणि मुक्याच्या मुक्या बसलो.

प्रयोगशाळेत साहेबांनी मोळी सोडली आणि पहिला ऊस उलटा केला. निळी खूण नाही. दुसरा उलटा केला. तिसरा. दहाही बघून झाले. मग चष्मा काढून ते खुर्चीत बसले. म्हणाले, "ऊस मात्र फार गोड होता हो." आणि हसायलाच लागले. सर हसले, मग आम्ही हसलो, चिटबॉय तर दाराला धरून हसत होता.

दुसऱ्या शनिवारपासून पद्धत बदलली. रस काढायचा छोटा चरक आणि काचेची नळी रानातच न्यायची. ऊस काढायचा, तिथंच रस काढायचा, आकडा लिहायचा, आणि मग पाहुणचार. मावशींना हे अजिबात रुचलं नाही. "आधी काम आन् मंग च्या? मयताला आल्यागत वाटतंय," म्हणाल्या. पण आकडे खरे यायला लागले.

मला वाटलं, सुटले. कसची सुटते! फेब्रुवारीत साहेबांनी मला बोलावलं. "दुसऱ्याच्या रानात खरा आकडा कुणीही लिहील," ते म्हणाले. "उद्या तुमच्या रानातला नमुना तू घे. आकडाही तूच लिही. मी येणार नाही."

आमचा ऊस उशिरा लावलेला होता. तात्यांना तोड लवकर हवी होती, कारण पाटाच्या पाण्याची पाळी लांबायला लागली होती आणि उभा ऊस वाळत जाताना बघणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच ठाऊक. तोड कशावर ठरते हेही एव्हाना गावाला कळून चुकलं होतं, माझ्याच तोंडून. तात्या बांधावर हात मागं बांधून उभे राहिले. आईच चार चांगले ऊस घेऊन आली. "ह्ये घे की. कोन बघतंय हितं?"

"ठेव ते, आई," मी म्हणाले. आवाज माझा मलाच चोरट्यासारखा वाटला.

दहा जागचे दहा काढले. रस काढला. नळी सोडली. सतरा.

"परत बघ," तात्या म्हणाले.

परत बघितलं. सतरा. मग त्यांनी स्वतः उकिडवं बसून नळी रसात सोडली, वाकून बघितलं. नळी सतरावरच. ते उठले आणि पाटाच्या बाजूला चालत गेले. वही माझ्या मांडीवर, पेन्सिल माझ्या हातात. खोटं कशाला बोलू, वीस लिहावं असं मला फार फार वाटलं. वीस लिहिलं असतं तर तात्या खूष, तोड आठवड्यात, कॉलेजलाही कुणी नाही म्हणालं नसतं. सतरा लिहिलं तर पत्र मिळेल, पण त्या पत्रावर बापानं सही करायची होती. मी सतरा लिहिलं आणि ढसाढसा रडले. आठवडाभर तात्या माझ्याशी बोलले नाहीत. "तिला म्हनावं जेवून घे," असं आईला सांगायचे, मी समोर बसलेली असताना.

पुढच्या रविवारी पत्रं मिळायची होती. पालकाला घेऊन कारखान्याच्या शेतकी ऑफिसात यायचं होतं. तात्या आले. बैलगाडीत दोन मैल आम्ही दोघं. मला वाटलं, हे चारचौघांत 'न्हाई' म्हणायलाच चाललेत.

साहेबांनी पत्र माझ्या हातात दिलं. सहामध्ये माझं पहिलं. सही-शिक्का सगळं. खाली पालकाच्या सहीची रेघ रिकामी. ऑफिसाबाहेर भिंतीवर तोडीची यादी लावली होती आणि तिच्यापुढं शेतकऱ्यांची ही गर्दी. आमच्याच भावकीतला एकजण मोठ्यानं नावं वाचत होता. वाचत वाचत खाली आला, आमचं नाव अगदी शेवटी. "अरारा!" तो म्हणाला. "तात्या, तुमची तोड तर एप्रिलात! पोरगी हितं कामाला आन् तुमीच शेवटी?" सगळे हसले. "सतरा लिवलंय. कुनी मोजला ह्यो? माप चुकलं आसंल, परत मोजाय लावा."

तात्या यादीपुढं उभे राहिले. मी मागं.

"माझ्या लेकीनं मोजलाय," ते म्हणाले, आणि असं मोठ्यानं की आतले साहेबसुद्धा दारात आले. "सतरा म्हंजी सतराच. चुकायची न्हाई ती."

मग माझ्याकडं वळले. आठवड्यानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"सही कुठं करायची, दाव."

मला ती रेघ दाखवताच येईना. डोळ्यांत इतकं पाणी होतं की कागदावरचं काही दिसत नव्हतं. शेवटी साहेबांनीच बोट ठेवलं.